करदोड्याच्या चार गाठी

मधुभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी चहा गाळत होतो. "भाऊजी, या," एवढंच वहिनी म्हणाल्या. मी चहा गाळून संपवला, प्यायलोही, आणि मग हुडकेश्वरला निघालो. त्याची लाज वाटतेच. पण खरी लाज वेगळी आहे.

मधुभाऊ माझा मावसभाऊ, उमरेडच्या हातमागावर वाढलेला. माग बंद पडल्यावर वाडीच्या एका गोदामावर चौकीदार झाला, तरी तुटका धागा दिसला की त्याची बोटं आपोआप गाठ मारायची. मी कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवतो. स्वादुपिंड आणि पेशींवरचे रिसेप्टर हा माझा आवडता विषय. पन्नाशी उलटल्यावर त्याला अचानक साखर निघाली. मी वर्तमानपत्राच्या कडेला पेशी काढून रुबाबात समजावलं, रिसेप्टर म्हणजे पेशीचे कान. स्वादुपिंडातून इन्सुलिन निरोप घेऊन येतं, पण कान जड झाले की पेशी साखर आत घेत नाही. "रोज चालत जा भाऊ, कान उघडतील." तो चालू लागला.

दर रविवारी घरी यायचा. "सुधीर, करदोडा ढिला होऊन राहिला गा. आणखी एक गाठ मारली." कमरेचा तो काळा दोरा घसरत होता आणि मी "शाब्बास" म्हणत होतो. एकदा म्हणाला, "जेवलं का पाठीत दुखते गा. काहून असन?" मी म्हटलं, "गोदामातली खुर्ची बदल." उतारवयात अचानक साखर, घटतं वजन, पाठदुखी... अशा वेळी स्वादुपिंड तपासा, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. मुलांना त्यावर मार्क देतो.

डोळे पिवळे झाले तेव्हा कुठे तपासण्या झाल्या. कर्करोग स्वादुपिंडातून यकृतात पोचला होता. वॉर्डात त्यानं विचारलं, "आता त्या कानाचं काय गा?" मी सांगितलं, या आजारात पेशीच्या आत 'वाढ, वाढ' हा एकच निरोप अडकून बसतो, थांब म्हटलेलं तिला ऐकू जात नाही. तो हसला. "तिलेच ऐकू नाही येत, मंग तुझा काय दोष?" भाऊ, ऐकू मला आलं नाही, असं म्हणायचं होतं. मी त्याचं पांघरूण सारखं करत बसलो.

शेवटची आंघोळ घालताना आमच्याकडे करदोडा कापून काढतात. वहिनींनी कात्री माझ्या हातात दिली. "तुमीच कापा भाऊजी. तुमच्या शब्दावर चालत होते ते." दोऱ्यावर विणकराच्या बारीक, घट्ट चार गाठी होत्या. चारही वेळा मी शाब्बास म्हटलं होतं.

तो दोरा मी कुणाला न विचारता ठेवून घेतला. परवा त्याच धड्याचा तास होता. मुलांना दाखवायचा, सगळं सांगायचं, असं ठरवून तो खिशातून नेला. फळ्यावर 'वजन घटणे' लिहिलं, हात खिशात गेला, गाठी एकेक करून बोटांना लागल्या... आणि मी पुढचा मुद्दा लिहायला घेतला.