देवगाव फाट्यावर हातात आलेली गिटार

मित्रांनो, दुपारपासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून लिहायलोय.

आज देवगाव फाट्यावर चहाला थांबलो, तर शेजारच्या बाकावर ते बसलेले. ज्यांचं वाजवणं मोबाईलवर ऐकून ऐकून मी गिटार शिकलो, तेच. त्यांचा रॉक बँड नांदेडला कार्यक्रमाला चालला होता.

मी भीत भीत जवळ गेलो. "सर, मी पण वाजवायचो," एवढंच बोललो.

त्यांनी गाडीतून आपली गिटार आणली आणि माझ्या मांडीवर ठेवली. "वाजवा की, लाजताय काय?"

मग त्यांना माझा डावा हात दिसला. मानवतला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला असताना मशीननं माझी तीन बोटं नेली, हे तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत हाय.

ते माझ्याजवळ सरकले, पाठीमागून हात घालून तारा स्वतःच्या बोटांनी दाबल्या आणि म्हणाले, "तुम्ही उजव्या हातानं छेडा."

त्यांच्याच गाण्याची सुरुवात वाजली, आणि लय चांगली वाजली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, व्हिडिओ काढले. मी हसून त्यांच्या पाया पडलो.

त्यांची गाडी गेल्यावर मात्र रडू आवरेना. इतकी वर्षं मनाला सांगत आलो, की आता आपण सगळं विसरलो. आज कळलं, उजवा हात काहीच विसरलेला न्हाई.

घरी बायको म्हणाली, "एवढा मोठा माणूस भेटला, अन् तुमी रडायलाव कामून?"

तुमीच सांगा, तिला काय सांगू?