कोरडा पुठ्ठा

हिरामण सरांनी डिकीतून फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा काढला आणि डॉक्टरसमोर एक्स-रे धरावा तसा उन्हात धरला.

"घ्या इसाकभाई, रिपोर्ट. एका रात्रीचा आहे."

पुठ्ठ्यावर तीन काळे डाग होते. एक बशीएवढा, दोन रुपयाएवढे. इसाक मिस्त्रीने मोठ्या डागावर बोट टेकवलं, अंगठ्यावर चोळलं, नाकाशी नेलं. इंजिनचंच ऑइल, ताजं. त्यात नवल नव्हतं. नवल एवढंच होतं की मागच्या महिन्यात डाग दुसऱ्या जागी होता.

"पार्किंगमध्ये नवे ब्लॉक बसवलेत," सर म्हणाले. "सोसायटीचा चेअरमन म्हणतो, रविवारनंतर ही गाडी गेटाच्या आत दिसली नाय पाहिजे. तेल तर चाललंच आहे. आता तूप गेलं की धुपाटणं घेऊन बसतो."

हिरामण सर पेठकडच्या आश्रमशाळेतून निवृत्त झालेले. राहायला सिडकोत, जीव मात्र गावात. त्यांची पांढरी गाडी अठ्ठावीस वर्षांची होती आणि तिच्याविषयी ते घरातल्या म्हाताऱ्या माणसाविषयी बोलावं तसं बोलत.

नाशकात वडाळा नाक्याच्या मागच्या गल्लीत चाळीस वर्षं इसाकचं गॅरेज होतं, आणि त्यातली निदान पंचवीस वर्षं तो गळत्यांचा मिस्त्री म्हणून ओळखला जात होता. दुसऱ्यांनी हात टेकलेली गाडी त्याच्याकडे यायची. तो आधी इंजिन डिझेलने धुऊन कोरडं करायचा. मग तळहातावर कॅरमची पावडर घेऊन तिच्यावर हळूच फुंकर मारायचा. इंजिन पांढरंफट्ट व्हायचं. गाडी दहा किलोमीटर फिरवून आणली की त्या पांढऱ्यावर काळी रेघ उमटलेली असायची, आणि रेघेच्या वरच्या टोकाला दोष. थेंब पडतो तिथं गळती नसते, तो सांगायचा. तेल उतरतं, वाऱ्यानं मागं सरकतं, कुठल्या तरी बोल्टाच्या डोक्यावर थांबतं आणि मग पडतं. थेंबापासून उलटं चढत जावं लागतं.

या एका गाडीत मात्र तो तीन वर्षं चढत होता आणि दर वेळी वेगळ्याच टोकाला पोचत होता. हेड कव्हरचं पॅकिंग दोनदा बदललं. गिअरबॉक्स उतरवून मागचं ऑइल सील बदललं. खालचं तेलाचं चेंबर नव्यानं बसवलं. पंधरा दिवस बरे जायचे, मग सर पुन्हा पुठ्ठा घेऊन हजर.

आणि दर वेळी इसाकला ओवेस आठवायचा.

ओवेस त्याचा थोरला. बारा वर्षं बापाच्या शेजारी काम केलेला. तीन वर्षांपूर्वी याच गाडीचं इंजिन दोघांनी मिळून खोललं होतं. ब्लॉक धुणं, पाइप-नळ्या साफ करणं इसाककडे. पॅकिंग, सील, कव्हर ओवेसकडे. गाडी गेली आणि तीन आठवड्यांत गळत परत आली. तेल हेड कव्हरमधून आलं होतं, म्हणजे ओवेसच्या हातातून.

"अब्बा, मी बसवलंय ते बरोबर बसवलंय," ओवेस म्हणाला होता. "आधी ब्रीदर बघू. आत कोंडत असेल."

ब्रीदर म्हणजे इंजिनची श्वासाची नळी. आतली हवा तिच्यातून बाहेर पडते. ती बंद झाली तर हवा जागा शोधते, आणि जिथं जोड जरा कच्चा असेल तिथून तेलाला बाहेर ढकलते.

"ब्रीदर मी साफ केलाय," इसाक म्हणाला होता. "माझ्या हातावर शंका घेतोस?"

"शंका नाही. बघायला काय जातं?"

यावर इसाक जे बोलला ते हिरामण सरांसमोर बोलला, शेजारच्या पंक्चरवाल्यासमोर, समोरच्या बॅटरीवाल्यासमोर बोलला. "सर, माफ करा. ह्याच्या हातात बरकत नाही. बारा वर्षं शिकवलं, नट आवळायची अक्कल आली नाही. माझ्यानंतर ह्या गॅरेजला कुलूपच लागणार."

सर तेव्हा हसले होते. बॅटरीवालाही हसला होता. ओवेसने हात पुसले, पाना जागेवर टांगला आणि तो जेवायला घरी गेला. पुढच्या महिन्यात तो अंबडच्या एका कारखान्यात लागला. मग बायकोला, अफरीनला, आणि लेकीला घेऊन तिकडेच भाड्याने राहायला गेला. ईदला येतो, आईच्या हातचं खातो, आईशी बोलतो. बापाला सलाम करतो. त्यापुढे काही नाही.

"या खेपेला," इसाक सरांना म्हणाला, "गाडी जिथं गळते तिथं नेऊ."

"म्हणजे सावळघाटात. चढ संपला की लय गळते."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पेठ रस्त्याने निघाले. इंजिनवर पावडर फुंकलेली होती. सर वाटभर बोलत होते. त्यांच्या शाळेविषयी, चेअरमनच्या कुत्र्याविषयी. इसाक इंजिन ऐकत होता. घाटात गाडीने दुसऱ्या गिअरवर कण्हायला सुरुवात केली. वर पोचल्यावर त्याने ती टपरीजवळ बाजूला घ्यायला लावली आणि इंजिन चालूच ठेवायला सांगितलं.

"मी चहा सांगतो," सर म्हणाले. "तुम्हाला बिनसाखरेचा ना?"

इसाकने बॉनेट उचललं. पांढऱ्यावर एक नाही, तीन रेघा होत्या. एक हेड कव्हरच्या कोपऱ्यातून, एक पुढच्या सीलातून, एक पार मागून. तिन्ही ओल्या. एकाच वेळी तीन जोड कसे फुटतील? आणि ऑइल मोजायची पट्टी आपल्या नळीतून बोटभर वर आलेली होती, जणू आतून कुणी तिला हलकेच ढकललं होतं.

ती पट्टी त्याने आधीही वर आलेली पाहिली होती. दोनदा. दर वेळी दाबून बसवली होती आणि पॅकिंगकडे वळला होता.

त्याने तेल घालायच्या तोंडाचं झाकण काढलं. रस्त्याकडेचं पळसाचं एक पान तोडून त्या तोंडावर ठेवलं. धड इंजिन पान धरून ठेवतं, जरासं आत ओढतं. इथं पान थरथरलं, उचललं गेलं आणि उडून बॅटरीवर पडलं. त्याने ते पुन्हा ठेवलं. ते पुन्हा उडालं.

इसाकने इंजिन बंद केलं. ब्लॉकच्या बगलेला ब्रीदरचं लोखंडी तोंड होतं, त्यावर रबरी पाइप. क्लिप सैल करताना बोटं भाजली. पाइप सुटला. त्याने लांब नाकाची पकड आत घातली. काहीतरी मऊ लागलं. त्याने हळूहळू ओढलं, आणि काळ्या गाळाने भिजलेला, बोळ्यासारखा झालेला कापडाचा तुकडा बाहेर आला.

तो त्याने उलगडला. आतली घडी अजून पुरती काळी झाली नव्हती. मेंदीच्या रंगावर बारीक पांढरी पानं. त्याच्या बायकोचा, हाजराचा कुर्ता.

ही हाजराची जुनी सवय होती. घरातले विटलेले कपडे ती कात्रीने वीतभर चौकोनात कापून गॅरेजसाठी पिशवीत भरून द्यायची. ओवेस ते कधी वापरायचा नाही. "अम्मीचे कपडे तेलात कशाला?" म्हणून तो दुकानातून सुताचा गुंता आणायचा, त्यानेच हात पुसायचा. चौकोन वापरायचा तो फक्त इसाक. ब्लॉक धुताना घाण आत जाऊ नये म्हणून उघड्या तोंडांत ते कोंबायचा आणि काम झालं की एकेक काढायचा. सगळे काढायचा. हा एक राहिला होता.

तीन वर्षं त्याने मुलाचा हात तपासला होता. जिथून स्वतःचा हात फिरला होता ती जागा त्याने एकदाही उघडली नव्हती.

"काय निघालं?" सर दोन ग्लास घेऊन उभे होते.

इसाकची मूठ खिशात गेली. "पाइप चोंदला होता," तो म्हणाला.

"एवढंच? अन् आपण इंजिनाची चिरफाड करत बसलो!"

"होय," इसाक म्हणाला, आणि चहा घेतला.

उतरताना सर पुन्हा बोलत होते. इसाकच्या खिशातून तेल मांडीपर्यंत झिरपलं होतं.

घरी त्याने तो तुकडा साबणाने धुतला. हाजरा मोरीच्या दारात येऊन उभी राहिली. कुर्ता तिने ओळखला होता, आणि इसाक कापड असं धूत नसतो हेही तिला माहीत होतं. ती एवढंच म्हणाली, "साडेतीनला सुटतो तो. पहिली पाळी आहे."

अंबडला इसाक अर्धा तास आधीच पोचला. कारखान्याच्या गेटसमोर कडुनिंबाखाली उभा राहिला. पाळी सुटली तशी माणसं एकसारख्या निळ्या शर्टांत बाहेर येऊ लागली. त्यांत ओवेस त्याला पहिल्यांदा दिसलाच नाही. दिसला तेव्हा तो कुणाच्या तरी बोलण्यावर हसत होता. बापाला पाहिलं आणि हसू गेलं.

"अम्मी बरी आहे ना?"

"बरी आहे." इसाकने खिशातून चौकोन काढला. "हा सरांच्या गाडीत होता. ब्रीदरमध्ये."

ओवेसने तो हातात घेतला, उलटसुलट केला. मेंदीच्या रंगावरून अंगठा फिरवला. मागे कंपनीची बस भरून निघून गेली.

"तुमचा," तो म्हणाला.

"माझा."

"सरांना दाखवलात?"

"पाइप चोंदला होता म्हणालो."

ओवेसने कापडाची घडी घातली, चार पदरी, नीट, आणि बापाच्या हातात परत ठेवली. "मला इथं येऊन एकट्याला काय दाखवता, अब्बा? तिथं बोलला होतात. तिथं सांगा."

एवढं बोलून तो स्टॉपकडे चालू लागला. चार पावलांवर थांबून म्हणाला, "घरी कसे जाणार?"

"जाईन."

"ऊन आहे. शेअर रिक्षा घ्या," ओवेस म्हणाला, आणि गेला.

रविवारी सकाळी इसाक सिडकोत सरांच्या सोसायटीत गेला. गाडी नव्या ब्लॉकवर उभी होती, खाली नवा पुठ्ठा. सरांनी त्याला पाहिलं आणि तिथूनच चेअरमनला हाक मारली. चेअरमन लुंगीवर, हातात कुत्र्याची साखळी घेऊन आले.

"वाका, वाका खाली," सर त्यांना म्हणाले. "बघा पुठ्ठा. तीन दिवस झाले. खडखडीत कोरडा! हा मिस्त्री. असा हात अख्ख्या नाशकात नाय."

चेअरमन वाकले. "कोरडा आहे खरा," ते म्हणाले. "राहू द्या मग गाडी."

"सर," इसाक म्हणाला. "एक सांगायचंय." त्याने घडी उलगडली. "पाइप आपोआप चोंदला नव्हता. हे कापड मीच आत विसरलो होतो, इंजिन खोललं तेव्हा. ओवेसचं पॅकिंग बरोबर होतं. तो सांगत होता, ब्रीदर बघू. मी बघितलं नाही. आणि तुमच्यासमोर त्याला नको ते बोललो."

सरांनी कापडाकडे पाहिलं, मग इसाककडे. त्यांना हसू येत होतं आणि हसावं की नाही हे कळत नव्हतं.

"अहो, होतं असं! डॉक्टर लोक पोटात कात्री विसरतात. तुम्ही मनाला लावून घेता." मग जरा आठवून पाहत, "काय बोलला होतात? मला तर काय आठवत नाय बुवा."

"ह्याच्या हातात बरकत नाही, म्हणालो होतो."

"असेल. बापानं पोराला बोलायचं नाही तर कुणी? नायतरी पोरगा कंपनीत लागला ना? झालं तर मग. चला वर, पोहे खाऊ."

"नको. साखर आहे मला."

"पोह्यात कुठली साखर?" सर म्हणाले, पण इसाक गेटकडे निघाला होता.

गेटबाहेर वॉचमनच्या स्टुलाशेजारी त्याने फोन लावला. बराच वेळ वाजला. ओवेसने उचलला तेव्हा मागे नातीचा आवाज येत होता; ती काहीतरी मागत होती.

"सांगितलं," इसाक म्हणाला. "सरांना. चेअरमनसुद्धा होते."

"काय म्हणाले?"

इसाकला खोटं बोलता आलं असतं. "त्यांना आठवत नाही. मी काय बोललो होतो ते."

पलीकडे नातीचा आवाज दूर गेला. ओवेस बहुधा गॅलरीत आला असावा.

"मला आठवतं," तो म्हणाला.

"हां."

फोन दोघांपैकी कुणीच ठेवला नाही. आत पार्किंगमध्ये हिरामण सर गुडघ्यावर बसून गाडीखालचा पुठ्ठा ओढून काढत होते. आता त्याची गरज नव्हती.