अर्ध्या नावाची हाक

"पुरं नाव लिही रे भाऊ. हाक मारली तं ओ आली पाह्यजे!"

माझ्या स्क्रीनवर नखाने टकटक करत ताई म्हणायच्या. वाशिमच्या आमच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात त्या सगळ्यांत जुन्या. अशी टोकणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ती समोर असतात तोवर डोक्याला ताप वाटतात.

वेबसाइटवर कुठला मजकूर कसा दिसावा, त्या सजावटीला एक नाव द्यावं लागतं. आम्ही त्याला क्लास म्हणतो. ताई ते नाव सलग लिहायच्या, म्हणजे शोधलं की सापडतं. मी अतिशहाणा. अर्धं नाव इथे, अर्धं तिथे, पान उघडताना दोन्ही जोडायची. तेवढ्याच चार ओळी कमी लिहाव्या लागायच्या.

"अर्ध्या नावानं म्हैस तरी येते का रे?" ताई विचारायच्या. मी हसण्यावारी न्यायचो.

आमच्याकडे भाजीच्या बाजारभावाची साइट होती. आजचा भाव आला नसला की कालचा फिकट दिसायचा. त्या फिकट रंगाचं नाव 'भाव-शिळा', आणि ते मी दोन तुकडे जोडून बनवलेलं. एकदा ताईंनी बिनकामाची सजावट साफ करायला घेतली. 'भाव-शिळा' शोधलं, कुठेच वापरलेलं दिसलं नाही, पुसून टाकलं. दुसऱ्या दिवशी शिळा भाव ताज्यासारखा ठसठशीत दिसला. तो बघून कामरगावच्या एका बागवाल्याने वाफेच्या वाफे सांबार, म्हणजे कोथिंबीर, उपटून बाजारात नेला. कोथिंबिरीला त्या दिवशी कुणी विचारत नव्हतं.

मालक ताईंवर ओरडले. "पुसलं मीनंच," त्या म्हणाल्या. नाव कोणी तोडलं होतं, हे तोवर त्यांना कळलं होतं. मी नवा होतो, नोकरी जाईल म्हणून घाबरलो आणि गप्प बसलो.

ताई मला घेऊन जीपने कामरगावला माफी मागायला गेल्या. बागवाल्याच्या बायकोने चहा ठेवला. "कोनं केलं वो बाई असं?"

"मीनं."

मी बशीत चहा ओतत राहिलो. तो चहा गिळताना मला स्वतःची किळस आली, तरी मी तो संपवला. परतताना ताई एवढंच बोलल्या, "आता तरी पुरं लिहिशीन नं?"

पुढे मालकांनी त्यांना काढलं. मी टिकलो, आज त्यांच्याच खुर्चीवर बसतो.

परवा ऑफिसात नव्याने आलेल्या मुलीने विचारलं, "सर, ते भावाची चूक जुन्या ताईची होती म्हनतात. खरं काय?"

"हो नं," मी म्हणालो. "पण माणूस लय चांगलं होतं."