मॉडेलमधून काढलेलं नाव

"मॅडम, ती खुर्ची ज्युरीची आहे. उठा."

विभागप्रमुख हे माइकवरून म्हणाले. समोर आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाची चाळीस पोरंपोरी; ज्युरी म्हणजे त्यांचं काम तपासणारे परीक्षक. मी पुढच्या रांगेत कडेला बसले होते, कारण त्या दिवशी जे दाखवलं जाणार होतं ते सबंध सत्र मी शिकवलेलं होतं. मी उठले. ते पुढे म्हणाले, "तुम्ही सॉफ्टवेअरवाल्या. तुम्ही मशीनजवळ उभं राहायचं."

मी उभी राहिले. तीन तास. त्यांनी बोट हलवलं की पुढचं चित्र. नागपूरहून आलेल्या पाहुण्या आर्किटेक्टनी मध्येच माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं. "अच्छा," ते म्हणाले आणि प्रमुखांकडे बघून हसले. हा 'अच्छा' मी शाळेपासून ओळखते. त्यानंतर कोणी काही विचारत नाही. त्यांना हवं ते कळलेलं असतं.

माझे बाबा नाचणगावचे गवंडी. पुलगावातली कितीतरी घरं त्यांच्या हातची. मी आर्किटेक्ट झाले, आणि वर्ध्याबाहेरच्या या कॉलेजात पाच वर्षं तासिका तत्त्वावर शिकवते. म्हणजे दर जूनमध्ये पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत, पुन्हा त्याच साहेबांसमोर उभं राहणं.

माझा विषय असा. पाच जणांच्या गटानं मिळून एकच इमारत करायची. तिचं मॉडेल इंटरनेटवर असतं. एक जण कॉलम-बीम करतो, दुसरा भिंती, तिसरा जिना, कोणी पाण्याच्या लायनी. कोणी कारंज्याहून घरी बसून काम करतं, कोणी लॅबमधून. एकाचा पाइप दुसऱ्याच्या बीममधून गेला की लगेच दिसतं, मग एकमेकांना फोन करून सोडवायचं. दुसऱ्याच्या भिंतीला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. आणि कोणी, कधी, काय बदललं याची नोंद नावासकट राहते. पहिल्याच तासाला मी पोरांना सांगितलं होतं, "इथं कोणाचं काम कोणाला चोरता येत नाही."

मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं.

चौथ्या गटानं आष्टीच्या आठवडी बाजारासाठी शेड केली होती. गटात प्रणाली होती, आष्टी तालुक्यातल्या एका खेड्याची. आमच्यातलीच. आई-वडील दोघंही मजुरीला जातात. सबंध बाजार तिनं पायांनी मोजून आणला होता. मॉडेलमधलं निम्म्याहून जास्त काम तिचं. त्याच गटात अथर्व, संस्थेच्या सचिवांचा भाचा. पोरगा वाईट नव्हता. मॉडेल फारसं उघडत नसे, एवढंच.

ज्युरीसमोर अथर्व बोलला. प्रणालीनं लिहून दिलेलं बोलला. ती मागे भिंतीला टेकून उभी. पाहुणे खूश झाले. मग त्यांनी विचारलं, "ओटे इतके ठेंगणे का?" अथर्व कागद चाळू लागला. मागून प्रणाली म्हणाली, "सर, उच्च्या ओट्यावर टोपली चढवाले दोन मानसं लागते. बाजारात बाई एकटीच येते."

खरं उत्तर होतं. त्या दिवसातलं एकमेव आर्किटेक्चरचं वाक्य.

प्रमुख म्हणाले, "आधी भाषा सुधार. मग ओटे बांध."

सगळे हसले. पाहुणे हसले, पोरं हसली.

मीही हसले.

थोडंसंच. ओठांनी. सवयीनं. पण प्रणाली त्याच वेळी माझ्याकडे बघत होती.

त्यांच्याच गटाचं काम पहिलं आलं. नागपूरच्या प्रदर्शनाला ते जाणार होतं, आणि फॉर्मवर तीनच नावं मावत होती. प्रमुखांनी मला केबिनमध्ये बोलावलं. बसा म्हणाले नाहीत.

"पहिलं नाव अथर्वचं. बाकी दोन मी सांगतो. ती आष्टीची मुलगी नको, तिथं बोलायला उभी राहिली तर कॉलेजचं हसं होईल."

मी म्हटलं, "सर, नोंदीत तर तिचंच काम जास्त दिसतं."

"मॉडेलची नवीन कॉपी काढली तर जुनी नोंद त्यात येते का?"

"नाही येत."

"मग काढा कॉपी. आणि तिला त्यातून आजच कमी करा. उगाच काही खुडबुड करायला नको."

मी "हो सर" म्हटलं. हे लपवून हा मजकूर लिहिण्यात काही अर्थ नाही. मी लॅबमध्ये गेले, मॉडेल उघडलं, गटाच्या यादीतून प्रणालीचं नाव काढलं. एक क्लिक. तुमची खात्री आहे का, असं मशीननं विचारलं. मी हो म्हटलं.

कॉपी काढायची राहिली होती. हात चालेना. उठले, पंखा वाढवला, बसले, पुन्हा उठले. खिडकीतून पार्किंगमधल्या गाड्या मोजल्या. तेवढ्यात प्रणाली आली.

"मॅडम, माह्याकडून मॉडेल उघडून नाई राह्यलं."

मी स्क्रीन तिच्यापासून वळवली.

"मले काढलं काय?"

"हो."

"काऊन?"

मी म्हटलं, वरून सांगितलं. ती रडली नाही, आवाज चढवला नाही. म्हणाली, "तुमी हासल्या नं मॅडम, तवाच समजलं होतं मले." आणि गेली.

मी त्या लॅबमध्ये एकटी उभी. नागपूरला शिकत होते तेव्हा माझ्या हातच्या चार ड्रॉइंग शीटवर दुसऱ्याच मुलीचं नाव लागलं होतं. मी तिथल्या एका सरांकडे गेले. ते आमच्याच समाजाचे, कॉलेजात एकटेच. ते म्हणाले, "जाऊ दे बाई. डिग्री घे आणि नीघ इथून." मी तसंच केलं. इतकी वर्षं त्याला शहाणपण म्हणत आले. त्या सरांची मान खाली असायची, ती का असायची ते मला त्या दिवशी कळलं. मीच आता त्यांच्या जागी होते. उद्या प्रणाली माझ्या जागी येईल आणि आणखी कोणाचं तरी नाव काढेल. ही साखळी चालवायला त्यांना बाहेरची माणसं लागतच नव्हती. आमचीच पुरत होती.

मी प्रणालीचं नाव परत टाकलं. कॉपी काढली नाही. सबंध नोंद छापली, वीस पानं, आणि केबिनमध्ये गेले. या वेळी खुर्ची ओढून बसले.

"कॉपी काढणार नाही, सर."

"जून जवळ आलाय, मॅडम."

"माहीत आहे. प्रणालीचं नाव वगळा, असं मला लेखी द्या. मग बघू."

"तुमच्यासारख्यांना सांभाळून घेतलं की हे असं होतं."

"माझ्यासारख्या म्हणजे कशा? तेही लेखी द्या."

त्यांनी बेल दाबली. शिपाई आत येईपर्यंत मी उठले होते. फॉर्मवर गटाच्या शिक्षिकेनं कामाची वाटणी भरायची होती, ती मी नोंदीप्रमाणे भरली. पहिलं नाव प्रणालीचं. खाली सही केली, वीस पानं जोडली आणि ऑफिसात देऊन माझ्या प्रतीवर आवकचा शिक्का घेतला. शिक्का मारणारा क्लार्क हळूच म्हणाला, "मॅडम, कायले?" मी म्हटलं, "मारा."

प्रमुखांनी आमच्या कॉलेजातून प्रदर्शनाला काहीच पाठवलं नाही. ते काम लॅबमध्येच राहिलं. माझे दोन तास काढून दुसऱ्याला दिले. अथर्व एकदा जिन्यात थांबला. म्हणाला, "मला माहीत होतं मॅडम, पण मामाला कोण सांगणार?" मी म्हटलं, "तू." तो खाली उतरून गेला.

प्रणालीला मी सगळं सांगितलं. वाटलं होतं, तिला बरं वाटेल. ती म्हणाली, "मी थँक्यू नाई म्हनत मॅडम. पह्यले काढलं तं तुमीच नं." मग पिशवीतून एक कागद काढला. विद्यापीठाकडे तक्रार. साक्षीदार म्हणून माझं नाव आधीच लिहून आणलं होतं, खाली जागा सोडून. मी सही केली. तिनं कागद घडी करून ठेवला, आणि ओट्याच्या उंचीबद्दल एक प्रश्न विचारला. कामाचा.

रविवारी नाचणगावला गेले. अंगणात नुसती फिरत होते. बाबा म्हणाले, "काऊन अशी भवऱ्यावानी फिरून राह्यली?" मी सांगितलं. हसले होते तेही सांगितलं. बाबा ओसरीवर टेकले. मग म्हणाले, "मी आपल्या हातानं बांधलेल्या घराच्या वास्तूले बाहेर बसून जेवलो. तू तवा लहान होती. मालकानं इचारलं, मिस्त्री, पोटभर जेवला नं. मी हासलो." आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता बसून राहिलो.

प्रणालीच्या तक्रारीची चौकशी येत्या सोमवारी आहे. एका सहकारी मॅडमकडून वरचा निरोप आला: प्रणालीचं नाव तांत्रिक चुकीमुळे गळालं असं म्हणा, जूनचं बघून घेऊ. प्रेमानं आलाय निरोप. दोनदा आलाय. आज सकाळपासून मी एका जागी बसू शकलेले नाही. चहा करते, तो तसाच निवतो.

पण काय बोलायचं ते ठरलंय. चूक मशीनची नव्हती. नाव मी काढलं, आणि काढायला प्रमुखांनी सांगितलं. ही दोन वाक्यं मी याच क्रमानं बोलणार आहे. आधी माझं, मग त्यांचं. जूनमध्ये ते मला घेणार नाहीत. अर्ज मी तरीही करणार आहे, आणि नाकारण्याचं कारण लेखी मागणार आहे. दरवेळी.