सगळ्यांना मिळून एक टाइपरायटर

प्रोग्रॅममध्ये क्लासचा ऑब्जेक्ट, म्हणजे एका साच्यातली वस्तू, एकदाच बनवायचा आणि जो मागेल त्याला तोच द्यायचा, ही युक्ती मी खूप पुढे संगणकाच्या वर्गात शिकलो. सर ती नवीन म्हणून शिकवत होते. सोलापुरात, सात रस्त्याजवळच्या आमच्या ऑफिसात ती सत्तरच्या दशकातच लागू होती.

आम्ही चार कारकुनांनी टाइपरायटरसाठी वेगवेगळे अर्ज केले. दयाळू साहेबांनी चारही मंजूर केले. मग जो मागेल त्याच्या टेबलावर शिपाई तेच एकुलतं एक मशीन आणून ठेवू लागला.

"प्रत्येकाला टाइपरायटर दिलाय की!" साहेब अभिमानाने सांगत.

एकदा रजेच्या अर्जात "माझ्या लग्नानिमित्त" एवढंच टाइप करून मी चहाला गेलो. तेवढ्यात शिपायाने मशीन कागदासकट शेजारच्या टेबलावर नेलं. तिथल्या कारकुनाने वर काय आहे ते न बघता फिनाईलची मागणी टाइप केली. साहेबांनी नेहमीप्रमाणे न वाचता सही केली.

आठवड्याने वरून उत्तर आलं. माझ्या लग्नानिमित्त फिनाईलच्या सहा बाटल्या मंजूर झाल्या होत्या. रजेबद्दल अवाक्षर नव्हतं.

मुहूर्त रविवारचा होता म्हणून निभावलं. सोमवारी हळदीच्या अंगाने मी कामावर हजर झालो.