जुनी डिस्क ठेवून घ्या

सोलापुरात नव्या पेठेमागच्या गल्लीतल्या एका कॉम्प्युटरवाल्यानं मला फसवलं. नुकसान माझ्या बायकोचं झालं, पण व्यवहार मी केला होता, म्हणून फसवलं मला. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढचं वाचताना कुणाला वाटेल की चूक माझीच होती. माझी जेवढी होती तेवढी लपवणार नाही. पण माझी निघाली म्हणून तो सुटला असं होत नाही.

मी चादरी आणि टॉवेल विकतो. आता दुकान आहे, घराखाली माग आहेत; सुरुवात केली तेव्हा यातलं काही नव्हतं. एसटीच्या टपावर गठ्ठा टाकून टेंभुर्णीच्या, अकलूजच्या बाजाराला जायचं, रस्त्याच्या कडेला पाल ठोकून बसायचं, आणि शेवटची चादर गेल्याशिवाय जेवायचं नाही. त्या पालात मी दोन गोष्टी शिकलो. सांगितलेला भाव कधी द्यायचा नाही. आणि नवी वस्तू घेताना जुनी दुकानदाराच्या गळ्यात घालून भाव पाडायचा. मिक्सर, टेबलफॅन, गाडीची बॅटरी, टायर, सगळं मी असंच घेतलंय. जुनी वस्तू परत घरी आणणं मला हरल्यासारखं वाटतं. बायको म्हणायची, "एखाद्या दिवशी मलाही देऊन याल आणि वर विचाराल, आता किती कमी करता?"

आमच्या घरात तेलुगू बोलतात. भांडण मात्र मला मराठीतच जमतं. बायकोचं बोलणं इथे मराठीत मांडतोय, पण ती आकडे मोजते ते आजही तेलुगूतच. ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू. तिचे वडील चादरीची नक्षी काढायचे. चौकटींच्या मोठ्या कागदावर एकेक चौकट रंगवायची, एक चौकट म्हणजे एक धागा. त्या कागदावरून पुढे पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडतात आणि ती कार्डं मागावर चढतात. लग्नानंतर माझ्यासाठी ती हेच काम करत राहिली. गिऱ्हाईक दुसऱ्या कुणाची तरी चादर आणून टाकायचं, "अशीच पाहिजे," आणि ती धागे मोजून उतरवून द्यायची. मी वरून म्हणायचो, "पाच रंग कशाला? तीनात बसव." ती तीनात बसवायची.

मुलीच्या शिक्षणासाठी एका बंद पडलेल्या क्लासमधून मी जुना कॉम्प्युटर आणला होता. मुलगी पुण्याला नोकरीला गेली, कॉम्प्युटर राहिला. त्यात आकडे भरायच्या तक्त्याचा एक प्रोग्रॅम होता. बायकोनं तो उघडला, सगळ्या चौकटी लहान केल्या आणि त्या रंगवायला लागली. कुणी शिकवलं नव्हतं. तिला तो वडिलांचा कागदच दिसला.

मग साखरेनं तिचे डोळे धरले. डाव्या डोळ्याच्या पडद्यावर रक्त उतरलं आणि तो डोळा गेला. उजव्याबद्दल डॉक्टर म्हणाले, जपा, पण फार भरवसा धरू नका. घरी आल्यावर तिनं आधी कॉम्प्युटरचं बटण दाबलं. मग म्हणाली, "माझी एक नक्षी राहिलीय. कुणाची बघून काढलेली नाही. ती तेवढी पुरी करते."

ज्वारीचं कणीस आणि त्यावर चिमण्या. एकच चिमणी चादरभर परत परत उतरवायची, अशी रीत आहे. तिनं प्रत्येक चिमणी वेगळी काढली होती. एक दाणा उचलतेय, एकीची मान पंखात आहे, एक नुकतीच उडालीय आणि कणीस अजून वाकलेलंच आहे. मी बघून म्हणालो, "एवढी कार्डं पाडायला घर विकावं लागेल." ती म्हणाली, "विणायला कोण सांगतंय? मला पुरी झालेली बघायचीय."

कॉम्प्युटर तोवर मरायला टेकला होता. सकाळी बटण दाबून ती चहा करायची, भांडी घासायची, तरी पडद्यावर ते चाक फिरतच असायचं. तिला उजव्या डोळ्यानं दिसावं म्हणून चित्र मोठं करावं लागायचं, आणि मोठं करायला सांगितलं की यंत्र थिजायचं. डोळ्यात थेंब घालून, मान तिरकी करून ती वाट बघत बसायची. तिचा डोळा दिवसातून थोडाच वेळ नीट चालायचा आणि तो वेळ ते यंत्र खात होतं.

मुलीनं फोनवर उपाय सांगितले. "बाबा, खर्च नाही काही. चालू होताना दहा प्रोग्रॅम आपोआप उघडतात, ते बंद करा. माझी जुनी गेम, दोन-दोन अँटीव्हायरस काढून टाका, एकच ठेवा. डिस्क गच्च भरलीय, सिनेमे पुसा. आणि डबा उघडून आतली धूळ झाडा, खाली माग आहेत आपले."

"धुळीनं कॉम्प्युटर हळू होतो व्हय? बैल आहे का तो, खरारा करायला?"

"गरम झाला की तो स्वतःच हळू चालतो बाबा. करून तर बघा."

मी केलं नाही. ज्या गोष्टीला भाव नाही तिच्यावर माझा विश्वास बसत नाही. मुलगी फुकट सांगत होती, म्हणून मला ते बोलणं पोरखेळ वाटलं. दुसऱ्या दिवशी मी डबा रिक्षात मांडीवर घेऊन नव्या पेठेकडे गेलो.

दुकानदार चाळिशीचा, गोडबोल्या. त्यानं यंत्र लावलं आणि वाट बघता बघता हसला. "मालक, हे चालू होईपर्यंत माणूस अक्कलकोटला जाऊन येतंय की."

"थट्टा बाजूला ठेवा. पळवता येतंय का सांगा."

"येतंय की. डिस्क गेलीय ह्याची. आता नव्या डिस्का आल्यात, लई फास्ट. ती टाकू. आतनं साफसफाई करून देतो, सगळा डाटा उतरवून देतो. काय बघायलाच नको."

त्यानं भाव सांगितला. मी हसलो, उठलो, पायरीपर्यंत गेलो. त्यानं हाक मारली. मी परत बसलो. असं दोनदा झालं. मग माझं नेहमीचं शेवटचं वाक्य मी टाकलं. "जुनी डिस्क ठेवून घ्या आणि तेवढे कमी करा."

"जुनीचं काय करू मी? लोणचं घालू?"

"काय करता ते मला नका सांगू. मीही दुकानातच म्हातारा झालोय."

तो कपाळाला हात लावून म्हणाला, "तुमच्यासारखं रोज एक गिऱ्हाईक आलं तर मला शटर ओढून घरी बसावं लागंल." हे ऐकून मला बरं वाटलं. खरं सांगतो, फार बरं वाटलं.

संध्याकाळी यंत्र आणायला गेलो. बटण दाबलं आणि पडदा लगेच उजळला. त्यानं मुलीचे फोटो उघडून दाखवले, माझी जुनी बिलं दाखवली.

"सगळं घेतलंय का?"

"सगळं घेतलंय मालक. काळजी सोडा."

मी काळजी सोडली. बायकोची नक्षी उघडून दाखव, असं मी म्हणालो नाही. ती नक्षी कुठे ठेवते हे मला ठाऊकच नव्हतं. इतकी वर्षं तिच्या कामावर माझं दुकान चाललं, आणि ते काम त्या डब्यात कुठे असतं हे मी तिला एकदाही विचारलं नव्हतं.

घरी ती डोळ्यात थेंब घालून तयारच होती. इकडे उघडलं, तिकडे उघडलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "दुसरा भाग कुठाय?"

"कसला दुसरा भाग?"

"डिस्कचे दोन भाग होते. माझं सगळं दुसऱ्यात होतं. इथे एकच दिसतोय."

दुसऱ्या दिवशी त्याचं दुकान उघडायच्या आधीच मी पायरीवर जाऊन बसलो होतो. तो आला, ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दुसरा भाग होता व्हय? मला वाटलं, रिकामाच असंल."

"वाटलं म्हणजे? बघितलं नाहीस? आणि सगळं घेतलंय म्हणालास?"

"तुमाला घाई होती की मालक."

"जुनी डिस्क काढ. आत्ता."

"ती न्हाई आता. काल रात्रीच एका यंत्रात घालून दिली. अकलूजचं गिऱ्हाईक होतं."

डिस्क गेलीय असं त्यानंच मला सांगितलं होतं. गेलेली डिस्क त्यानं त्याच दिवशी दुसऱ्याला चालती म्हणून विकली. हे डोक्यात शिरलं तेव्हा माझा हात सुटला. काउंटरवरचे कीबोर्ड मी खाली लोटले. शेजारचे दुकानदार धावत आले, एकानं मला मागून मिठी मारून धरलं. तो कॉम्प्युटरवाला लांब उभा राहून सगळ्यांना सांगत होता, "बघा, आपल्या तोंडानं म्हणाले, जुनी ठेवून घ्या. मी मागितली होती का? विचारा त्यांनाच." कुणीतरी मला विचारलंसुद्धा, "तुम्ही म्हणाला होता का हो काका?"

म्हणालो होतो.

"त्या गिऱ्हाइकाचं नाव सांग," मी म्हणालो. "मी अकलूजला जातो. पाया पडून मागून आणतो."

"नाव कोण लिहून ठेवतंय? हितं रोज दहा जण येतात."

मुलगी फोनवर म्हणाली होती की पुसलेलं परत काढणारे लोक असतात, पण त्या डिस्कवर नवं काही लिहिलं जायच्या आत ती मिळायला हवी. म्हणजे रोजचा दिवस मोलाचा होता. मी त्या दुकानात आठ वेळा गेलो. पहिल्यांदा शिव्या दिल्या. नंतर चादरींची जोडी घेऊन गेलो, भेट म्हणून. आयुष्यात पहिल्यांदा मी काही न पाडता, काही न मागता माल दिला. त्यानं चादरी ठेवून घेतल्या. नाव सांगितलं नाही. मी अकलूजलाही जाऊन आलो. जिथे पाल ठोकायचो त्या चौकापासून एकेक दुकान, एकेक क्लास विचारत फिरलो. सोलापुरातून जुना कॉम्प्युटर आणलेलं कुणी मला भेटलं नाही.

एवढ्यात आमचं यंत्र दुपारचं आपोआप बंद पडायला लागलं. मुलीनं सांगितलेलं शेवटी ऐकलं आणि पाना घेऊन डबा उघडला. आतल्या पंख्यावर सुताचा बारीक कापूस बसून बसून जाड थर झाला होता, बोटानं उचलला तर टॉवेलच्या तुकड्यासारखा अख्खा निघून आला. साफसफाई करून देतो म्हणणाऱ्यानं तिथे फुंकरही मारली नव्हती. पंखा मोकळा झाल्यावर यंत्र गार राहिलं. मग आपोआप उघडणारे प्रोग्रॅम बंद केले, अँटीव्हायरस एकच ठेवला. दाढी करायला लागतो तेवढाच वेळ लागला. डिस्क न बदलता एवढ्यावर भागलं असतं का? मुलगी म्हणते, बहुतेक भागलं असतं. कदाचित माझं मन राखायला ती 'बहुतेक' म्हणते.

बायकोनं मला एकदाच विचारलं, "तिथे उघडून बघितलं नाही ना?" मी नाही म्हणालो. तिनं कॉम्प्युटर बंद केला. चार दिवसांनी म्हणाली, "बसा. मी सांगते, तुम्ही भरा."

उजवा डोळाही आता धुरकट झालाय. पडद्यावर उजेड आहे, एवढंच तिला कळतं. ती माझ्या शेजारी बसते, मांडीवर बोटं ठेवून धागे आठवते, आणि ओळीमागून ओळ सांगते. मूडू पिवळे, ओकटी काळा, मग नालुगू मातकट. मी चौकटी भरतो. यंत्र आता पळतं, बोट ठेवायचा अवकाश की रंग भरतो. मीच मागे पडतो. एकदा रेघ चुकली म्हणून ती थांबवून पुन्हा सांगायला लागली आणि मी ओरडलो, "तू नीट सांग ना!" तिनं मांडीवरची बोटं मिटून घेतली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "नीटच सांगतेय. चुकलं की नाही ते मी बघू शकत नाही, एवढंच."

त्या आठवड्यात ती मान पंखात घातलेली चिमणी चालली होती. सगळ्यात अवघड. दुकानातून दमून आलो होतो, मान भरून आली होती. एकोणीस ओळी ती सलग सांगत गेली. शेवटच्या पाच-सहा मी भरल्याच नाहीत, नुसतं बटण वाजवत राहिलो. तिनं विचारलं, "घेतलंस का सगळं?" एरवी ती मला अहो-जाहो करते. धागे मोजायच्या नादात असली की बापाशी बोलायची तशी बोलते.

मी म्हणालो, "सगळं घेतलंय."

शब्द तोंडातून बाहेर पडले आणि मला तो काउंटर दिसला. तिनं हात पुढे करून पडद्याच्या काचेवर ठेवला, चुकीच्या जागी, आणि म्हणाली, "मानेचा बाक आला ना बरोबर?" त्या चिमणीला मानच नव्हती. मी म्हणालो, "थांब, पुन्हा एकदा सांग." तिला समजलं असावं. तिनं पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली, पण अकराव्या ओळीला अडकली. ती ओळ तिला अजून आठवलेली नाही.

तिच्यापुढे मी जबाब देईन. रोज संध्याकाळी शेजारी बसून देतोच आहे. पण ती अकरावी ओळ एका डिस्कवर लिहिलेली होती आणि ती डिस्क कुणाच्या हातात गेली हे जगात एकाच माणसाला ठाऊक आहे. त्या माणसानं माझ्या चादरी अंगावर घेतल्या असतील. न बघता 'सगळं घेतलंय' कसं म्हणालास? ती डिस्क कुणाला दिलीस? मी भाव पाडणार नाही. मला नाव पाहिजे. दुकान उघडं आहे, गल्ली तीच आहे, मी सोमवारी पुन्हा पायरीवर येऊन बसतोय. उत्तर दे.