वर्नेलला नाव सांगावं लागलं

वर्नेल गेन्स एकतीस वर्षं चालत राहिली. शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला जायचं दोन मैल, परत यायचं दोन मैल, रविवारी चर्चचे आणखी वेगळे. कुणी म्हणालं, "अगं, एखादी जुनी गाडी तरी घे," तर ती म्हणायची, "चाललेलं तब्येतीला बरं असतं." तब्येतीचा काडीचा संबंध नव्हता. गाडी असली की पोलीस ती थांबवतो, थांबवली की नाव विचारतो, आणि नाव सांगायची वर्नेलला भीती वाटायची.

त्याला कारण एक कागद. बत्तीस वर्षांची असताना तिच्या गाडीचा मागचा दिवा फुटला होता. पोलिसानं धरलं आणि कोर्टाची तारीख दिली. नेमकी त्याच तारखेला तिच्या आईला मूठमाती द्यायची होती. आईला सोडून फुटक्या दिव्यासाठी कोर्टात कोण जाईल? वर्नेल गेली नाही. महिन्याभरानं घरी कागद आला, की हजर न राहिल्याबद्दल तुला पकडायचा हुकूम निघाला आहे. तिनं तो एकदा वाचला, दोनदा वाचला, आणि कपाटात मक्याच्या पिठाच्या डब्यामागं सारला. कुणाला सांगितलं नाही. गाडी विकून टाकली.

मग सगळा जन्मच त्या कागदाच्या बेतानं चालला. घरात चोरी झाली, टीव्ही गेला, तर हिनं पोलिसांना बोलावलं नाही. मतदानाची नावं कोर्टाच्याच इमारतीत लिहून घेत, म्हणून मतदानाला गेली नाही. बायका म्हणाल्या, वर्नेलला फार देवधर्म, राजकारण आवडत नाही तिला. चौकात ती इमारत दिसली की ही रस्ता ओलांडून पलीकडून जायची. आमच्या अलाबामाच्या या भागात काळ्या माणसाला पोलिसाची भीती काही नवी नाही, त्यामुळं कुणाला त्यात वावगंही वाटलं नाही.

बहीण गेल्यावर तिचा चार वर्षांचा मुलगा रोडरिक वर्नेलनं पदरात घेतला. तो सव्वीस वर्षांचा झाला, टायरच्या दुकानात कामाला लागला, आणि एका मंगळवारी पोलिसांनी त्याला कामावरून उचललं. पेट्रोल पंप लुटला होता कुणीतरी. पंपावरचा माणूस म्हणाला, उंच, काळा, लाल टोपीवाला. आता आमच्या शाळेच्या फुटबॉल संघाचा रंगच लाल. गावात लाल टोपी नसलेला काळा पोरगा शोधून दाखवावा. पण रोडरिक सापडला, आणि जो सापडतो तोच आत जातो. सात आठवडे झाले, खटला उभा राहायचं नाव नाही.

कोर्टानं गरिबांसाठी नेमून दिलेला एक तरुण वकील होता, फेन नावाचा. तो म्हणाला, "खटला होईपर्यंत त्याला घरी सोडतील, मिसेस गेन्स. पण घरातल्या कुणीतरी न्यायाधीशासमोर उभं राहून नाव-पत्ता सांगायला हवा, हमी घ्यायला हवी. तुम्ही याल ना?"

"बरं," वर्नेल म्हणाली.

घरात तर ती एकटीच होती. दुसरं कोण जाणार?

गावात इझोरा पिटमन नावाची बाई आहे. तीस वर्षं शाळेची बस चालवली, आता निवृत्त. ज्या बाईनं साठ पोरं आरशातून बघून गप्प बसवली, ती न्यायाधीशाला काय भिणार! तिनं तीन चर्चमधल्या बायका गोळा केल्या होत्या. चर्चमध्ये लोकांना जागा दाखवणाऱ्या या बायका, पांढरा पोशाख, पांढरे हातमोजे. दर गुरुवारी तशाच पोशाखात जाऊन कोर्टाचे बाक भरायच्या आणि वहीत लिहायच्या: कुणाला किती मिनिटं मिळाली, काळा की गोरा, सोडला की ठेवला, आणि न्यायाधीशानं कुणाला मिसेस म्हटलं न् कुणाला नुसतं नावानं हाक मारली. महिन्याच्या शेवटी त्या वह्या गावच्या सभेत मोठ्यानं वाचायच्या. बघणारे डोळे असले की कोर्टाचा हात जरा जपून पडतो, असं इझोराचं म्हणणं.

एकाच गोष्टीचा तिला घोर होता. आमच्या चर्चमध्ये पाद्री बोलायला लागला की कुणी गप्प बसत नाही. तो एक वाक्य म्हणतो, बाकं त्याला उत्तर देतात. उत्तर आलं नाही तर बिचाऱ्याला वाटतं आपलं आज काही खरं नाही. ही सवय अंगात मुरलेली. आणि कोर्टात आवाज केला की बाहेर. म्हणून इझोरा दारातच प्रत्येकीच्या तोंडात पेपरमिंटची गोळी द्यायची. "चोखत बसा. चावायची नाही. जीभ कामात असली की गप्प राहते."

त्या गुरुवारी कोर्टाच्या पायऱ्यांवर वर्नेलचे पाय थांबले.

"इझोरा, मला आत नेऊ नकोस. मला धरतील." आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा तिनं कागदाचं सगळं सांगून टाकलं.

इझोरा हसली नाही. "वेडे, आठवडाभर आधी बोलली असतीस तर वकिलानं निस्तरलं असतं की!"

"आता काय होईल?"

"मी तुला खोटं सांगणार नाही. काहीही होईल." मग ती बायकांकडं वळली. "कुणाकुणावर असे जुने कागद आहेत गं?"

अकरा जणींत तीन हात वर झाले. मोझेल नावाची सत्तरीची बाई म्हणाली, "माझ्यावर दोन आहेत. एक तर कुत्र्यापायी. कुत्रा मेला, कागद जिवंत आहे."

"आणि तरी तू दर गुरुवारी येतेस?" वर्नेलनं विचारलं.

"मला नाव कोण विचारतंय? मी नुसती बसते."

म्हणजे बसायला हरकत नव्हती; उभं राहायचं होतं ते एकट्या वर्नेलला. इझोरा म्हणाली, "रोडरिकचा अकरावा नंबर आहे. तू ठरव. परत फिरलीस तर मी तुला काही बोलणार नाही, त्यालाही काही सांगणार नाही." वर्नेलनं पायऱ्या मोजल्या. चौदा होत्या. चढली.

आत गारठा होता. न्यायाधीश एकेकाला दोन-दोन मिनिटांत वाटेला लावत होता. एक गोरी बाई आली, तिला मिसेस म्हटलं, घरी पाठवलं. अकरा वह्यांत अकरा पेनं चालली. वर्नेलनं भीतीनं गोळी कधीच चावून गिळली होती.

मग रोडरिकला आणलं. नारिंगी कपडे, कमरेला साखळी, गालाची हाडं वर आलेली. त्यानं मावशीला पाहिलं आणि झटकन मान खाली घातली.

फेन बोलायला उभा राहिला. पोरगा गोरा, पण आवाज असा की पाद्र्यानं हेवा करावा. "साहेब, या मुलाला नोकरी आहे. मालकानं चिठ्ठी दिली आहे. याला घर आहे. चार वर्षांचा होता तेव्हा याची आई गेली, आणि एका बाईनं याला आपल्या पदराखाली घेतलं."

"होय, देवा! सांग त्यांना!"

तो आवाज आपलाच आहे हे वर्नेलला क्षणभर कळलंच नाही. आणि एकीला एकटं सोडायचं नाही या सवयीनं मोझेलही पाठोपाठ म्हणाली, "आमेन!"

हातोडा आपटला. "कोण बोललं? आणखी एक आवाज आला तर ती अख्खी रांग बाहेर काढीन. कोण बोललं ते उभं राहा."

मोझेल उठायला लागली. दोन कागदवाली मोझेल. वर्नेलनं तिचा पोशाख धरून तिला खाली ओढलं आणि स्वतः उभी राहिली.

"नाव काय तुझं?"

तिनं पूर्ण नाव सांगितलं. "वर्नेल ल्युटिशिया गेन्स."

"त्या आरोपीच्या मावशी आहेत, साहेब," फेन घाईनं म्हणाला. "हमी त्याच घेणार आहेत."

कारकून बाईनं नाव टाईप केलं. ती पडद्याकडं बघत राहिली. वर्नेल तिच्या तोंडाकडं बघत राहिली. कारकून बाईनं भुवया वर केल्या, उठून न्यायाधीशाच्या कानाशी लागली.

"एकतीस वर्षांपूर्वीचा पकडायचा हुकूम आहे तुझ्यावर," न्यायाधीश म्हणाला. "कोर्टात आली नाहीस. का?"

"आईला पुरायचं होतं, साहेब."

शिपाई भिंतीपासून सुटून तिच्या बाजूला आला. त्याच्या कमरेच्या बेड्या वाजल्या. तेवढ्यात रोडरिक ओरडला, "मावशी, बस खाली! मला नाही यायचं बाहेर! जा तू घरी!" त्याला दोघांनी दाबून धरलं.

त्या गोंधळात वर्नेलला एकच गोष्ट सुचली. आलो आहोत ते काम उरकून घ्यावं, मग न्यायचं तिथं नेऊ दे. ती पाठ केलेलं म्हणावं तसं म्हणाली, "घर नंबर अठरा, मिल रोड, साहेब. पोरगा माझ्याकडं राहील. तारखेला मी त्याला घेऊन येईन."

कागदावर पेनं खरखरत होती.

न्यायाधीश बाकाकडं वळला. "काय लिहिताय तुम्ही?"

"वेळ, साहेब," इझोरा म्हणाली. "दहा वाजून बेचाळीस मिनिटं झाली."

तो त्या पांढऱ्या रांगेकडं बघत राहिला. शिपायाचा हात वर्नेलच्या कोपराजवळ होता, अजून धरलेला नव्हता. त्याच्या अंगाला कॉफीचा वास येत होता.

"हा हुकूम गावच्या छोट्या कोर्टाचा आहे, माझ्या जिल्हा कोर्टाचा नाही," न्यायाधीश शेवटी म्हणाला. "चौदा दिवसांत तिथं हजर व्हा. मुलाला मावशीच्या हमीवर सोडतो. पण मिसेस गेन्स, या वेळी गेला नाहीत तर दोघंही आत जाल."

शिपाई मागं सरला. मोझेलनं मान खाली घालून वहीत "मिसेस" असं लिहिलं आणि खाली रेघ मारली.

रोडरिकला मागच्या दारानं सोडायला दुपार झाली. तोवर वर्नेल इझोराच्या गाडीत बसून होती, मांडीवर तळलेल्या माशाचं पुडकं, एक घास उतरला नव्हता. रोडरिक आत शिरला, तिच्या शेजारी बसला, आणि भडकला. "एवढी मोठी गोष्ट, मावशी, आणि मला एका शब्दानं सांगितली नाहीस? तुला नेलं असतं तर?"

"ओरडू नकोस रे. खा आधी. हाडं दिसताहेत."

"चौदा दिवसांनी नेलं तर?"

वर्नेलनं कोर्टानं दिलेला नवा कागद उलगडून तारीख पाहिली. एकतीस वर्षांच्या भीतीला तारीख नव्हती. या भीतीला होती, आणि ती गुरुवारचीच होती. गावच्या कोर्टाचा न्यायाधीश कसा आहे, देव जाणे.

"आम्ही अकराही जणी येणार," पुढच्या सीटवरून इझोरा म्हणाली. "मी पहिल्या बाकावर बसते, तुझ्या अगदी मागं."

"मागं बसून काय उपयोग? मला मान वळवता यायची नाही. तुम्ही आहात की उठून गेलात, मला कसं कळणार?"

"मग काय, आमेन म्हणू?"

"नको गं बाई!" वर्नेलनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग हात खाली घेतले, नीट विचार केला, आणि म्हणाली, "असं करा. एकेकीनं थोड्या थोड्या वेळानं खोकत राहा."